न कळणारं गाणं

कर्जतहून जामखेडला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. विशीतली पोरगी, कानात इअरफोन. बोटं गुडघ्यावर सारखी ठेका धरत होती, एक थाप जड, एक हलकी. मी बघतोय म्हटल्यावर तीच म्हणाली, "ऊसतोडीचा ठेका हाय, काका. बुडाला एक घाव, शेंड्याला एक." आईबापाबरोबर ऊस तोडता तोडता तिनं त्याच ठेक्यावर रॅप रचलं होतं.

तेवढ्यात फोन आला. गाडीच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर लावला. मुंबईच्या म्युझिक कंपनीचा माणूस होता. गाणं परदेशात चालवू म्हणाला, फक्त ते 'फड', 'मोळी' असले ऊसतोडीचे शब्द काढ, थोडं इंग्रजी घाल. तिकडच्यांना कळायला नको का? नाहीतर अवघड आहे.

तिची बोटं थांबली. ती म्हणाली, "सर, तिकडची गानी मी फडात लई ऐकली. एक शब्द कळायचा न्हाई. पन गानारा चिडलाय का रडतोय, ते कळायचं. जामखेडच्या पोरीला कळंल असं गा, म्हनून त्याला कुनी सांगितलं हुतं का?"

पलीकडून "कळवतो" एवढंच आलं. पुढच्या फाट्याला ती उतरून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

नातीच्या खोलीतून तसलं इंग्रजी गाणं आलं की पूर्वी मी दार लोटून घ्यायचो. आता दाराशी थांबतो. चिडलाय का रडतोय, तेवढं ऐकून घेतो.