कानापर्यंतचा हात

माझी मोठी मुलगी बहात्तरच्या दुष्काळात झाली. आमचं गाव वडूजकडचं, कोरडवाहू. नवरा लष्करात, घरी मी आणि सासूबाई. दिवस गेलेले असतानाही मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते.

थोरली जाऊ बाळंतपणात गेली होती. मूल मोठं होतं, अडलं. सासूबाईंनी ते समोर पाहिलेलं. म्हणून पाचव्या महिन्यापासून त्या मला अर्धीच भाकरी वाढायच्या.

"पोटभर खाऊ नगं. प्वार वाढलं की अडतंय. बारीक असलं की सुटतीस."

कामावर खायला मिळणारी सुकडी मी पदरात बांधून आणायची आणि त्यांच्या हातात द्यायची. भूक लय लागायची, पण मी अर्ध्या भाकरीवरच उठायची. त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या, आणि जावेसारखं मरायचं मलाही नव्हतं.

बाळंतपण सोपं झालं. सुईणीनं पोर उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"म्हैनं भरलं हुतं न्हवं गं?"

"भरलं हुतं," सासूबाईच म्हणाल्या.

"मग ह्ये मांजराचं पिल्लू कसलं?"

पोरीची कातडी म्हातारीसारखी सैल होती. बारशाला कमरेला काळा करगोटा बांधला, त्याची गाठ वर्षभर सैल करावी लागली नाही. शेजारणीचा मुलगा तिच्यामागून आठ दिवसांनी झालेला. त्याचा करगोटा तोवर दोनदा बदलला.

दुष्काळ सरल्यावर मी तिला भरवायला लागले. चार घास झाले की ती तोंड फिरवायची. पावसाळ्यात छाती भरायची आणि अंगावर आलेलं मांस तेवढं जायचं.

मी चौथी शिकलेली. हिनं त्याच्या पुढं जावं एवढंच माझ्या मनात होतं. शेजारणीचा मुलगा शाळेत निघाला, तेव्हा मी हिलाही नेलं. जन्माची नोंद कुणाचीच नव्हती. गुरुजी शाळेच्या ओट्यावर एकेकाला समोर उभं करून डोक्यावरून हात घ्यायला लावायचे. बोटं पलीकडच्या कानाला लागली की वय झालं. शेजारणीच्या मुलानं कान धरून ओढूनही दाखवला. हिची बोटं कानाच्या वरच केसांत थांबली.

"दूध सुटलं का गं तुझं?" गुरुजी म्हणाले. पोरं हसली. "पुढच्या वर्षी आणा."

दोघं एकाच महिन्यातली, एवढंच मला सांगायचं होतं. मी खांबाच्या आड उभी राहिले आणि तिला घेऊन परत आले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "शेरडं राखंल. पुढल्या साली बी लागला न्हाई, तर मग शाळा न्हाईच."

वर्षभर ती शेरडांमागं गेली. न्हाताना रोज डोक्यावरून हात घ्यायची.

"आये, लागला?"

"आलाय जवळ."

मी तिच्या हाताला तेल चोळायची आणि चोळताना खाली ओढायची. ओढून हात लांब होईल असं मला खरंच वाटायचं. एकदा खांदा सुजला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तोच हात पुढं केला.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच ओट्यावर गेलो. तिनं मान कलती केली.

"मान सरळ."

तिनं मान सरळ केली, ओठ दाबले. मधलं बोट कानाच्या वरच्या कडेला टेकलं.

"लागला. जन्म कधीचा?"

वर्षभर मी हेच मनात घोकलं होतं. दुष्काळातली, मार्गशीर्षातली. ओट्याखाली शेजारणी उभ्या होत्या. एवढी मोठी आणि अशी कशी, असं कुणी विचारलं असतं तर मला त्या अर्ध्या भाकरीचं सांगावं लागलं असतं.

गुरुजींनी तिच्याकडं एकदा पाहिलं. "पाच धरू. एक जून."

मी मान डोलावली. त्यांनी लिहिलं. कागदावर ती दुष्काळ सरल्यावर, पाऊस बरा झाला त्याच्या पुढच्या साली जन्मली. त्या वयाला तिची उंची शोभत होती.

येताना ती पुढं चालत होती, कानाला हात लावत.

"आये, मी कवा झाले गं?"

गुरुजींनी लिहिलेलं तेच मी तिला सांगितलं. ते तिला अजून खरं वाटतं.