बंब, धुराडं आणि झाप

एकोणीसशे तिसाच्या आसपास कधीतरी आमच्या रत्नागिरीच्या घरी मुंबईहून आगबोटीने तांब्याचा बंब आला. वडील निवृत्त शिरस्तेदार. त्यांनी आळीतल्या प्रतिष्ठितांना बंब पाहायला बोलावून पोहे खिलवले आणि छोटंसं भाषणही केलं. परसातल्या चुलीवर हंडा चढवून डोळे चोळीत बसणं हा रानटीपणा; बंबात कोळसा घालून न्हाणीघरातच तोटी सोडणं ही सुधारणा. कोळशाला धूर नाही, म्हणजे त्रासही नाही. तरीही बंबाच्या डोक्यावरून पत्र्याचं एक धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं होतं. ते कशासाठी, हे कोणी विचारलं नाही.

आम्ही पुरुष बादली भरून घेऊन विहिरीवर अंघोळ करायचो. दाराला कडी लावून बंबाशेजारी न्हाणाऱ्या दोघीच, आई आणि वहिनी. आई चार तांब्यांत आटपायची. वहिनीचे केस मात्र गुडघ्यापर्यंत.

मृग जवळ आला तशी घराची शाकारणी झाली. पावसाची झड लागून भिंती भिजू नयेत म्हणून त्यांना बाहेरून नारळाच्या विणलेल्या चुडतांचे झाप बांधले. त्यानंतर वहिनी केस धुऊन आली की डोकं धरून बसू लागली. मग उलट्या. एकदा तर न्हाणीच्या उंबऱ्यातच कोसळली.

दादा मुंबईला नोकरीला. पण मत द्यायला घरात माणसं कमी नव्हती. वडील म्हणाले, पित्त.

"पित्त काय न्हातानाच चढतं?" आई म्हणाली. "बाहेरचं आहे काहीतरी. देवळात कौल लावू. तसंच निघालं तर काही दिवस माहेरी जाऊ दे तिला."

वहिनीने मला मागच्या पडवीत गाठलं. "भावोजी, झपाटलेली म्हणून एकदा पोचवली की परत कोण आणतंय हो? एवढी पुस्तकं वाचता, बघा ना काहीतरी."

माझ्या पुस्तकांत भुतं पुष्कळ होती, पण फक्त केस धुण्याच्या दिवशी येणारं एकही नव्हतं. एकादशीला वहिनी गार पाण्याने चटकन अंघोळ करी, तेव्हा या भुताचाही उपास असे. मला त्याची चांगलीच उत्सुकता लागली.

दुसऱ्या दिवशी बंब पेटल्यावर मी आत जाऊन कडी घातली. काथ्याचा तुकडा पेटवून विझवला आणि बंबाच्या तोंडाशी धरला. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ माझ्या तोंडावर आला. थोड्याच वेळात कानशिलं ठणकू लागली, तेव्हा शास्त्र आवरतं घेऊन मी बाहेर पळालो. घराला वळसा घालून पाहतो, तर धुराड्याचं तोंड झापाखाली गच्च झाकलेलं.

"कोळशाला धूर नसतो," वडील म्हणाले.

"मग धुराडं कशाला दिलंय?"

"विलायती पद्धत."

"डोळ्यांना दिसत नाही, पण कोळशातून विषारी वायू सुटतो. वाट बुजली की आतच साठतो."

वडील झाप कापू देईनात; म्हणे, भिंत भिजेल. अखेर त्यांनी निकाल दिला: सूनबाईंनी दार किलकिलं ठेवून न्हावं, सासूने बाहेर राखणीला बसावं.

वहिनी सासऱ्यांसमोर कधी बोललेली नव्हती. तेव्हाही ती दाराआडून आईशीच बोलली, पण ओटीपर्यंत ऐकू जाईल असं: "आई, दार उघडं टाकून मी न्हायची नाही. त्या बंबालाच बाहेर काढा."

बंब परसात गेला, रानटी चुलीच्या शेजारी. कढत पाण्याच्या बादल्या आत जाऊ लागल्या. कौल राहिला, माहेरही राहिलं. हवा खेळती असावी म्हणून बंब मुद्दाम उघड्यावर ठेवलाय, असं वडील पाहुण्यांना सांगू लागले.

वहिनी कडी लावून पूर्वीसारखीच तासभर न्हायची. आई मात्र मधूनच दारावर थाप मारायची, "अगो, आहेस ना?"

"आहे हो, आहे!" आतून तांब्याच्या आवाजाबरोबर उत्तर यायचं.