विहीर, साठ अंश आणि आबाजींचा दोर

दहावीतल्या माझ्या लेकीला त्रिकोणमितीचा गृहपाठ होता: एखादी उंची किंवा खोली कोनावरून काढा, मग प्रत्यक्ष मोजून ताळा दाखवा. सोमवारी वही द्यायची होती. मी टेप, कोनमापक, दोरा, नट अशी यादी केली आणि रविवारी आम्ही अकोल्याहून वरूडला, माझ्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत गेलो.

बागेतली विहीर पाच मीटर रुंद भरली. कोनमापकाला दोऱ्याने नट लटकवून लेक काठावर ताठ उभी राहिली आणि समोरच्या भिंतीला पाणी टेकतं तिथे तिने नेम धरला. कोन आला साठ अंश. पाच गुणिले वर्गमूळ तीन, म्हणजे ८.६६ मीटर.

"आबाजी, पाणी साडेआठ मीटरच्याही खाली आहे!"

"विहीर माही अन् तू मले सांगून राहिली?" वडिलांनी दगड बांधलेला दोर सोडला. दगड पाण्याला लागताच काठापाशी दोर चिमटीत धरला. तो भरला ७.२५ मीटर.

लेकीचा चेहरा उतरला. "आता वहीत काय लिहू?"

मी गुणाकार दोनदा तपासला. बरोबर होता.

वडील हसू दाबत म्हणाले, "पोरी, तू पाह्यलं कुठून? डोये काय जमिनीवर ठेवले होते?"

मी लगेच तिच्या टाचेपासून डोळ्यांपर्यंत टेप लावली: १.४०. ८.६६ मधून वजा केल्यावर ७.२६ आले; दोराशी एका सेंटिमीटरचा फरक उरला.

"तो माह्या दोराचा," आबाजी म्हणाले. लेकीने वहीत तसंच लिहिलं.