सरकारची छाती

उशीर झालेला मला खपत नाही, आणि त्या उन्हाळ्यात नेमका पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या आम्हा आठ जणांना वनखात्याकडे सोळा दिवसांची इंटर्नशिप मिळाली होती. खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरात दोरी लावून चौकोन आखलेले होते. एकेका जोडीनं आपल्या चौकोनातलं प्रत्येक झाड ओळखायचं, त्याचा घेर मोजायचा आणि वहीत उतरवायचा. माझी बस चुकली, पुढची घाटात बंद पडली, आणि मी रोपवाटिकेत पोचले तेव्हा समजावून सांगण्याचा कार्यक्रम उरकून बाकीचे जेवायला बसले होते. फाटकात आणखी एक जण घाम पुसत उभा होता. लासूर स्टेशनचा, शेतकऱ्याच्या घरचा, सहा फूट उंच. उरलेल्या दोघांची आपोआप जोडी झाली.

वनरक्षक मॅडम जीपमध्ये चढता चढता आमच्याशी बोलल्या. वयानं आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील, पण आवाज असा की पाठ आपोआप ताठ व्हावी. त्यांनी आमच्या हातात एक मापाची फीत, एक वही आणि बांबूची एक काठी दिली.

"छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा. आणि काठीशिवाय कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

कळलं काहीच नव्हतं. आम्हाला वाटलं, काठी सापासाठी आहे.

माझ्या घरी या सोळा दिवसांवरून आधीच महाभारत होऊन गेलं होतं. पप्पा वाळूजला एका कारखान्यात आहेत. मुलीनं झाडं मोजत हिंडावं हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. त्यांनी बँकेच्या परीक्षांचा क्लास बघून ठेवला होता. मला पुढं वनशास्त्र करायचं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा ते एवढ्यावर आले, "जा. पण तिथल्या लोकांनी म्हटलं पाहिजे की हिला हे जमतं. नाहीतर एक तारखेपासून क्लास." मी तोऱ्यात हो म्हटलं, आणि शहागंजच्या बाजारात जाऊन मोठ्या काठाची टोपी घेऊन आले.

आता सांगते ते खोटं वाटेल, पण ते दिवस मी आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दिवसांत धरते. पहाटे गार वाऱ्यात चढायचं. ऊन तापेपर्यंत काम. मग गावातल्या एका घरून आलेली ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा, आणि त्यानंतर आंब्याखाली गाढ झोप. सालई, धावडा, मोईन, सगळे उघडेबोडके उभे होते, तरी सालीवरून एकेक ओळखीचा होत गेला. जोडीदाराला झाडांची गावाकडची नावं येत होती, मला पुस्तकातली. दोन्ही जुळली की आम्ही एकमेकांना टाळी द्यायचो. जेवणाच्या वेळी वनखात्यातले एक जुने मजूर फेरी मारून जायचे. त्यांना सगळे मामा म्हणत. ते पिकलेली टेंभरं खिशात घालून आणायचे आणि झाड बरोबर ओळखलं तरच द्यायचे.

फीत मी हट्टानं माझ्या हातात ठेवली होती. लिहिण्यापेक्षा मोजणं मानाचं, असा माझा समज. काम आम्ही फार नेटानं करायचो. झाडाजवळ जाताना जोडीदार काठी चारही बाजूंनी जमिनीवर आपटायचा, पालापाचोळा ढवळायचा, मग गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "हां, ये." मी पुढं होऊन बुंध्याला फीत गुंडाळायचे. छातीच्या उंचीवर. माझ्या छातीच्या. माझी उंची चार फूट दहा इंच.

बारा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी, आमच्या आणि शेजारच्या चौकोनाच्या बरोबर सीमेवर असलेल्या मोहावरून भांडण लागलं. ते झाड दोन्ही वह्यांत होतं. शेजारच्या दोघींच्या वहीत त्याचा घेर आमच्यापेक्षा बारा सेंटिमीटरनं कमी होता. मी ताडकन म्हणाले, "तुमची फीत सैल असेल." सैल फितीनं घेर वाढतो, कमी होत नाही, हेही माझ्या लक्षात आलं नाही. आवाज चढले तसे मामा टेंभरं चघळत आले.

"परत मोजा की. भांडताव कशाला?"

मी फीत घेऊन पुढं झाले. जोडीदारानं सवयीप्रमाणं काठी आपटली.

"हे काय करायलास?" मामांनी विचारलं.

"साप असला तर जाईल ना मामा."

मामा आधी त्याच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मग खालीच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर त्यांनी काठी घेतली. बारा दिवस आपटून तिच्या खालच्या टोकाचा पार खराटा झाला होता. त्यांनी ती झाडाला टेकवून उभी केली आणि वरच्या टोकावर हात ठेवला.

"ही छाती. तुझी नाय, माझी नाय. सरकारची छाती. समद्या झाडांला हीच लावायची."

काठी बरोबर एक मीटर सदतीस सेंटिमीटरची कापलेली होती. कुणी बुटकं असो की उंच, घेर तिच्या टोकापाशीच घ्यायचा. सरकारची छाती माझ्या डोळ्यांपर्यंत येत होती. म्हणजे तीनशे सोळा झाडं मी फूटभर खाली मोजली होती, जिथं बुंधा जाड असतो. फीत त्या सहा फुटी माणसाच्या हातात असती, तर चुकून का होईना, सगळं बरोबर आलं असतं. नंतर कळलं की हे पुस्तकातही होतं. पण तो धडा परीक्षेला नव्हता.

सगळं पुन्हा मोजायचं तर चार दिवस उरले होते. दुपारी आंब्याखाली मी जोडीदाराला म्हणाले, "प्रत्येक झाडातून थोडे थोडे सेंटिमीटर वजा करून टाकू. मामा काही सांगणार नाहीत."

"किती वजा करशील? धावडा खाली येगळा फुगतो, सालई येगळी. अंदाजानं लिहायचं तर घरीच बसून लिहिलं असतं की."

"तुझं काय जातंय? माझ्या घरी क्लास ठरलाय!"

"व्हय, माझं काय नाय जात," तो शांतपणे म्हणाला. "मी लासूरला जाऊन कांद्याच्या गोण्या शिवीन. तू ठरव. पण खोटं लिहायचं असलं तर वही तू धर."

त्यानं वही माझ्या पुढ्यात ठेवली आणि कूस बदलून झोपला. मला इतका राग आला की काय सांगू. राग त्याचा नव्हता, तो बरोबर बोलला याचा होता. अर्धा तास मी ती वही नुसती बघत बसले. मग उठून रोपवाटिकेत गेले. मॅडम रोपांच्या पिशव्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं, काठी सापासाठी वाटली हेसुद्धा. त्या हसल्या नाहीत.

"किती झाडं?"

"तीनशे सोळा."

"दिवस?"

"चार."

"मग इथं काय उभी राहिलीस?" त्यांनी कोपऱ्यातली नवी काठी काढून माझ्या हातात दिली. "वेळेत झालं तरच प्रमाणपत्र. आधीच सांगते."

पुढचे चार दिवस आम्ही आंब्याखाली झोपलो नाही. टळटळीत दुपारीही वर असायचो. मामा दुसऱ्या दिवसापासून न बोलावता यायला लागले. ते काठी धरायचे, जोडीदार फीत लावायचा, मी लिहायचे. हो, वही मीच धरली. जुना आकडा खोडायचा आणि शेजारी नवा लिहायचा. खोडलेला आकडा दिसेल असा खोडा, असं मॅडमनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी प्रत्येक रेघ मला टोचली, तिसऱ्या दिवशी मजा यायला लागली.

शेवटच्या दिवशी चार वाजता पप्पा मला न्यायला आले. त्यांना साप्ताहिक सुट्टी होती. मी खाली दिसले नाही म्हणून विचारत विचारत वर चौकोनात येऊन उभे राहिले. अजून एकोणीस झाडं राहिली होती. वहीभर खाडाखोड त्यांनी बघितली.

"हे काय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी काठीपासून सगळं सांगितलं. वजा करायचा विचारही सांगितला. आता एक तारखेपासून क्लास, हे मी धरूनच चालले होते.

पप्पांनी मामांच्या हातातली काठी मागून घेतली, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला छोटा टेप काढला आणि काठी मोजली. एकदा, मग पुन्हा उलट्या टोकाकडून.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गेज आहे की हे."

कारखान्यात पप्पा तपासणीवर आहेत. तयार झालेला पार्ट गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापात, बसतो की नाही, एवढंच दिवसभर बघायचं. झाडांच्या कामात त्यांच्या कामासारखं काही असेल, असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं आणि मलाही.

"सगळा लॉट परत घेतलास?"

"एकोणीस राहिलेत."

त्यांनी काठी परत दिलीच नाही. उरलेल्या एकोणीस झाडांना त्यांनीच ती लावली. जमीन उतरती असली की काठी चढाच्या बाजूला ठेवायची, हे मामांनी एकदाच सांगितलं आणि ते पुन्हा चुकले नाहीत. सूर्य टेकायच्या आत आम्ही वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं चाळली, प्रमाणपत्रावर सही केली आणि पप्पांना म्हणाल्या, "दोनदा केलं हिनं काम." एवढंच. जमतं की नाही ते त्या बोलल्या नाहीत, आणि पप्पांनी विचारलंही नाही.

गाडीवर निघालो. घाट उतरल्यावर पप्पा मान न वळवता म्हणाले,

"आमचं एक गेज झिजलं होतं. लई वर्षं झाली. मला दिसलं होतं. शिफ्ट सुटायला आली होती, तू तापानं फणफणली होतीस. मी बोललो नाही. तो लॉट गेला तसाच."

वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून मी पुढं सरकले.

"अजून आठवतंय मला," ते म्हणाले. मग म्हणाले, "क्लासवाल्याला उद्या फोन करतो. येणार नाही म्हणून सांगतो."

मी नुसतं "बरं" म्हटलं, आणि त्यांचा शर्ट घट्ट धरून शहरातली छावणी येईपर्यंत मागं रडत बसले.