फीत कापायच्या आधी

काल इतवारीत रस्त्यावर डांबर ओतत होते. त्या गरम वासासरशी मी बारा वर्षं मागे, नदीवरच्या नव्या पुलाशी जाऊन उभा राहिलो. अलीकडे नागपूर जिल्हा, पलीकडे भंडारा. पूल तयार, पण फीत कापायला मंत्र्यांना सवड नव्हती! म्हणून दोन्ही टोकांना आडवे बांबू, आणि माणसं खाली कमरभर पाण्यातून नदी ओलांडत.

माझ्या मामीला सातवा महिना होता. पाण्यात उतरणं शक्य नव्हतं, आणि पलीकडच्या धुक्यात तिची म्हातारी आई वाट पाहत होती. आम्ही पोरांनी छापलेली 'पूल उघडा'ची पत्रकं नाचवत मी बांबूजवळच्या चौकीदाराशी भांडत होतो. मामीने मला बाजूला सारलं. तिच्या हातात खण-नारळ होता.

"बांबू काढ गा."

"मंत्र्याच्या आधी कोणालेच सोडता येत नाही, बाई."

"मी नदीची ओटी भराले जाऊन राहिली. ते पुलाच्या मधातच भरा लागते. नदीची ओटी अडवतं काय?"

चौकीदाराने कानाला हात लावला आणि बांबू उचलला. ते पाहून पलीकडचाही वर गेला.

तेव्हा मला तो आमच्या पत्रकांचा विजय वाटला. आता पुलाच्या मध्यावर मामीच्या पोटावर अलगद ठेवलेले तिच्या आईचे हात तेवढे दिसतात. मंत्री महिन्याने आले. पूल तोवर उघडून झाला होता.