लाल दोऱ्याचं पिल्लू

पाच काळी पिल्लं, डोळे मिटलेली, एकमेकांच्या अंगावर चढलेली. यातल्या कोणाला सकाळपासून दूध मिळालेलं नाही, हे तुम्ही कसं ओळखाल?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सापगावातल्या आमच्या घरामागे, पेंढ्यात कुत्री व्याली तेव्हा मला हा प्रश्न पडला. मी सोळा वर्षांची होते. वडील कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम करत. त्यांच्या पत्रकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले होते, त्यामुळे 'समान वाटप' हे शब्द मला बाराखडीइतके पाठ होते. आणि इथे डोळ्यांदेखत दांडगी पिल्लं सडांना चिकटून राहत, आणि एक बारकी मादी दर वेळी बाहेर ढकलली जाई.

पत्रकांचे गठ्ठे छापखान्यातून रंगीत नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधून येत. ते दोरे मी जपून ठेवलेले. पाच रंग, पाच गळे. बारकीला लाल. तिचा गळा माझ्या अंगठ्याएवढा, म्हणून निसटू नये अशा दोन घट्ट गाठी मारल्या. मग पाळ्या लावल्या. दर वेळी लाल दोरा आधी, आणि मागचा भरलेला सड तिचाच.

शेजारची मावशी डोक्यावरची मोळी टाकून बघायला आली. एकेक पिल्लू उलटंपालटं करत म्हणाली, "दोरे कशाला गो? याचं नख पांढरं. याची शेपटी वाकडी. ही तुझी बारकी, हिच्या छातीवर चार केस पांढरे. हातानं बघ की."

"तेवढ्यावरून चूक होते, मावशी. एकाची पाळी चुकली तरी अन्याय होतो."

"कुत्र्यांची पण सभा घेतेस काय?"

आई चुलीपाशी हसली. मला राग आला. वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझ्या परवानगीशिवाय कोणीही दोरे सोडू नयेत', आणि ते शितांनी भिंतीला चिकटवलं.

आठवड्याने मी मुरबाडला शिबिराला गेले, पाच दिवस. पाळ्या आईवर सोपवल्या. शिबिरात समतेवर बोलताना मी पिल्लांचंच उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या.

परत आले तेव्हा पेंढ्याला घाण वास येत होता. चार दोरे दिसले, लाल दिसेना. सुटला असेल, म्हणून बारकीला उचललं. बोटांना ओलं लागलं. मी तिच्या गळ्यावरचे केस बाजूला केले. दोरा सुटला नव्हता. तो कातडीच्या आत गेला होता.

सगळ्यांत जास्त दूध तिला मिळालं होतं, म्हणून सगळ्यांत जास्त तीच वाढली होती.

"दोन दिवस कुईकुई करत होती," आई म्हणाली. "मावशी सोडते म्हणाली दोरा. मीच नको म्हटलं. तू लिहून गेलेलीस ना. आल्यावर भांडली असतीस."

मी भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघत राहिले. अक्षर छान आलं होतं.

मावशीने ब्लेड मागितलं. "धर," एवढंच म्हणाली. मी पिल्लाचं डोकं धरलं. ते ओरडलंसुद्धा नाही, नुसतं थरथरत होतं. तिने नखाने जखम उघडून दोरा शोधला, कापला, आणि हळूहळू ओढून काढला. त्याचा रंग अजून तसाच लाल होता की रक्ताचा होता, ते मला कळलं नाही. मावशीने हळद भरली. आता ती टोमणा मारेल, म्हणून मी वाट पाहिली. तिने हात धुतले आणि ती घरी गेली.

बारकी जगली. गळ्याभोवती तिला पुन्हा केस आले नाहीत. पुढे लांबूनही तिला कोणीही ओळखायचं.

तुमच्याकडे ओळखीसाठी कोणाच्या गळ्यात काही बांधलं असेल, पिल्लू, करडू, वासरू, कोणीही, तर हे पान इथेच ठेवा आणि जाऊन बघा. दोऱ्याखालून करंगळी सहज फिरली पाहिजे. नाही फिरली, तर तो कोणी बांधला हे विचारत बसू नका. कापा.