चाकूरच्या निरोपाची वाट

चाकूरला मुलगी पाहून परत निघालो तेव्हा ती मला आवडली होती. तिला मी आवडलो नाही, हे मुदखेडला घरी पोचायच्या आत मला कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच शोधून काढलं होतं.

पुरावे भक्कम होते. एक तर फराळाला मुरमुऱ्याचा सुसला होता. जावई करायचा असता तर काहीतरी तळलं नसतं का? दुसरं, तिनं एकच प्रश्न विचारला, "तुम्ही सकाळी किती वाजता उठता?" हा काय आवडलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे? तिसरं म्हणजे ती माझ्या पायांकडे बघत होती. घरी येऊन पाहिलं तर मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तो पुरावा मी वरच्या नंबरावर नेला.

निघताना मात्र मी तिला मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "तुम्ही विचार करून सांगा." आपण सुधारलेले आहोत हे दिसावं म्हणून. गाडीत मामानं विचारलं, "मग, काय म्हणतोस?" मी म्हणालो, "बघू, त्यांचं काय येतंय ते."

त्यांचं काहीच आलं नाही. दहा दिवसांत माझी मतं चारदा बदलली. आधी वाटलं, मोजा. मग वाटलं, माझा पगार. सहाव्या दिवशी तिचं दुसरीकडे मन असावं असं ठरलं आणि मला तिची दया येऊ लागली. दहाव्या दिवशी मी तिला मनातून माफही केलं.

बाराव्या दिवशी मामा घरी आला. चहा पिताना म्हणाला, "चाकूरचं सोडून देऊ मग. तुला पसंत न्हाई तर कशाला लटकवून ठेवायचं?"

"मला? त्यांनीच तर कळवलं नाही."

मामानं कप खाली ठेवला. "अरे येड्या, पोरीकडचे आधी कळवतेत का? निरोप आपून द्यायचा असतो. तू बघू म्हणलास, मी गप बसलो. तिकडं परवा अहमदपूरचे पाहुणे तिला बघायला येऊन राहिलेत."

मी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. "अप्पा, मला मुलगी पसंत आहे," एवढंच कसंबसं म्हणालो आणि तिच्याशी बोलू का, असं विचारलं. अप्पांनी फोन दिला.

"बारा दिवस काय करून राहिला होतात?" तिनं विचारलं.

"विचार."

"कशाचा?"

"तुम्ही का कळवून नाही राहिल्या, त्याचा."

"मला वाटलं, मी काळी म्हणून."

एवढ्या दिवसांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मोज्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मी खालीच बघत होते. सगळे म्हणले होते, वर बघू नको."

"मग... काय म्हणता तुम्ही?"

पलीकडून आवाज बंद झाला. मिनिटभर काहीच नाही. मी लगेच कारणं जुळवायला घेतली: उशीर झाला, अहमदपूरवाल्याला नोकरी पक्की असणार, फोन मुद्दाम ठेवून दिला असणार.

"हां, बोला," ती परत आली. जरा धाप लागली होती. "अप्पा ओसरीवर गेले होते. अहमदपूरला नको म्हणून कळवा, सांगून आले."